परांड्याच्या पुरासाठी टेक्सासमधून काय पाठवावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुमचं मूळ गाव धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा तालुक्यात, सीना नदीच्या काठावर. 12 वर्षं तुम्ही टेक्सासमध्ये आहात. सप्टेंबर 2025 च्या पुरात गावात पाणी शिरलं, चुलत्यांची दोन दुभती जनावरं दावणीलाच गेली. तुमच्या तिथल्या मंडळाने दसऱ्याच्या कार्यक्रमात आवाहन केलं, 11 हजार डॉलर जमले, आणि एका सभासदाच्या गॅरेजमध्ये कपडे-ब्लँकेटांची 30 खोकी येऊन पडलीत. सगळं दिवाळीच्या आत पोचवायचं आहे. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष म्हणतोय, माझ्या खात्यावर टाका. इकडे काही सभासद म्हणतायत, गावच दत्तक घेऊ. तुम्ही विचारलंय, ‘नक्की कुठे पाठवू?’

मला वाटतं, तुमची खरी अडचण ‘कुठे’ची कमी आणि ‘कधी’ व ‘कोणाला विचारून’ याची जास्त आहे. ते ठरलं की ‘कुठे’चं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

मी हे कुठून बोलते तेही सांगते. 1993 मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते, कॉलेजच्या गाडीतून लातूरला गेले आणि पुढे याच कामात राहिले. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर, 2021 चा चिपळूण-महाडचा पूर, आणि आता सोलापूर-धाराशिव. परदेशातून, मुंबई-पुण्यातून येणारी मदत ज्या टोकाला उतरते, त्या टोकाला मी उभी असते.

खोक्यांचं आधी उरकते. पाठवू नका. तिथेच कुणाला उपयोगी पडत असतील तर द्या. सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही आठ बायका चार दिवस फक्त कपडे निवडत होतो. पाणी ओसरलं होतं, बाहेर घराघरांतून गाळ उपसायचा होता, आणि आम्ही आत बसून एका बुटाचा जोड शोधत होतो. पूरग्रस्त कॅम्पमधली एक साठीची बाई रोज यायची, ढिगाशी उभी राहायची, एकेक कपडा उचलून बघायची आणि परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, मावशी, काय हवंय? ती म्हणाली, परकर. त्या ढिगात जीन्स होत्या, कोट होते, लग्नातले घागरे होते, परकर एकही नव्हता. नऊवारी नव्हती. आतले कपडे नव्हते. शेवटी आम्ही मिरजेहून ठोक भावात परकर आणि साड्या आणल्या, तेव्हा अर्ध्या दिवसात कॅम्प नीट कपड्यांत दिसायला लागला. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते, हे अनेकांनी पाहिलंय. समुद्रापलीकडून खोकं पाठवायला जे भाडं लागतं, त्यात बार्शीच्या बाजारात नवं कोरं लुगडं येतं. शिवाय ते पैसे बार्शीच्याच दुकानदाराला मिळतात, आणि पुराने त्याचाही धंदा बसलेला असतोच.

आता ‘कधी’. आपत्ती आली की लांबच्या माणसाच्या पोटात कालवतं, कारण तो तिथे नसतो. ही कालवाकालव खरी असते आणि तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्यामुळे सगळा पैसा पहिल्या दहा दिवसांत धावत येतो. गावाची गरज त्या वेगाने चालत नाही. पहिल्या आठवड्यात अन्न, पाणी, ताडपत्री, औषधं लागतात आणि ती बहुतेक वेळा जवळच्याच तालुक्यांतून पोचतात, कारण शेजारच्या गावाला भाकरी बांधायला कुणाची परवानगी लागत नाही. पंढरपूर-बार्शीकडून आलेली पिठलं-भाकरी तुमच्या डॉलरांपेक्षा नेहमीच आधी पोचणार. खरी पोकळी तिसऱ्या आठवड्यानंतर पडते. बातम्या थांबतात, टेम्पो थांबतात, आणि माणूस गाळाने भरलेल्या विहिरीकडे बघत एकटा उभा राहतो.

चिपळूणच्या बाजारपेठेतला एक स्टेशनरीवाला माझ्या कायम लक्षात आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात त्याच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याने माळ्यावर सुतळी बांधून उधारीच्या वहीची पानं एकेक करून वाळत घातली होती. जी चिकटली होती त्यांच्यावरून त्याची बायको जुना कागद ठेवून इस्त्री फिरवत होती. त्या वहीत त्याचे तीनेक लाख रुपये लोकांकडे होते आणि शाई पसरली होती. तो म्हणाला, ‘बिस्किटं घेऊन अकरा जण आले, ताई. वाईट नाही वाटत, चांगली माणसं होती. पण परत माल भरायला कोण उभं राहणार?’ दुबईतल्या भाच्याने त्याला महिनाभराने पैसे पाठवले आणि त्यावर गणपतीच्या आधी दुकानाचं शटर उघडलं. कोणत्याही संस्थेच्या यादीत तो माणूस ‘गरजू’ म्हणून बसला नसता. भाच्याला मात्र माहीत होतं.

परदेशी गेलेल्या माणसाची खरी ताकद मला इथे दिसते. तो नाव-आडनावाने, वाडीने, बांधाने माणसं ओळखतो. सगळीकडे हेच दिसतं. 2015 च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला. सरकारचं 3 लाख नेपाळी रुपयांचं घरबांधणी अनुदान हप्त्याहप्त्याने आणि उशिरा आलं. तोवर आखातात आणि मलेशियात राबणाऱ्या पोरांनी घरी पाठवलेल्या पैशावर कुटुंबं तगली. एरवीही त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा बाहेर गेलेली माणसंच पाठवतात. केरळात 2018 च्या ऑगस्टमध्ये तर पैशाच्याही आधी फोन कामाला आला. आखातात, अमेरिकेत बसलेले मल्याळी लोक कुठल्या घराच्या गच्चीवर कोण अडकलंय, सोबत म्हातारं माणूस आहे का, ते मेसेज करून बचावपथकांपर्यंत पोचवत होते. आणि आपल्या कोकणात चाकरमान्यांची मुंबई मंडळं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. वर्गणीची वही असते, वाडीवार यादी असते. पूर आला की पहिल्या दोन दिवसांत फावडी, घमेली, झाडू आणि पाण्याचे कॅन घेऊन ट्रक निघतो, कारण चिखल किती चिवट असतो ते त्यांना घरचंच माहीत असतं.

तेव्हा तुम्ही चुलत्यांना स्वतःच्या खिशातून आधी पैसे पाठवलेत तर त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. ‘मंडळाचं सोडून स्वतःच्या घरचं बघितलं’ असं कुणी म्हणेल, म्हणू दे. नात्यातून जाणारा पैसा सगळ्यात लवकर आणि सगळ्यात कमी गळतीने पोचतो. फक्त एक ध्यानात ठेवा. आयकराच्या व्याख्येत चुलत्याच्या बाजूने पुतण्या ‘नातेवाईक’ धरला जात नाही. वर्षभरात अशा भेटी 50 हजारांच्या वर गेल्या तर ती सगळी रक्कम चुलत्यांच्या उत्पन्नात मोजली जाते. त्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर प्रत्यक्षात कर लागणार नाही, पण पैसे वडिलांच्या किंवा सख्ख्या भावाच्या खात्यावर पाठवणं सोपं. हे एकदा सीएला विचारून घ्या.

मंडळाचे 11 हजार डॉलर ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. तरुण मंडळाच्या अध्यक्षाच्या खात्यावर ते टाकू नका. पोरगा प्रामाणिक असेल, असेलच. पण विदेशी अंशदान कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो त्याला अडकवेल. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने इथल्या संस्थेला पैसे दिले तर ते विदेशी अंशदान ठरत नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असेल, तर ठरतं. आणि अमेरिकेत नोंदलेल्या मंडळाच्या खात्यातून पैसे निघाले तर सगळे सभासद भारतीय असले तरी ते विदेशीच ठरतं, कारण देणारं मंडळ परदेशी आहे. तुमच्या मंडळात कोण कुठल्या पासपोर्टवर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे.

विदेशी अंशदान घ्यायला संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. त्याच दुरुस्तीने आणखी एक वाट बंद केली. नोंदणी असलेल्या संस्थेलाही विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. म्हणजे ‘पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे पाठवू, ती गावातल्या मंडळाला देईल’ हा पूर्वीचा राजमार्ग आता नाही. ज्या संस्थेला द्याल तिने स्वतःच्या माणसांनी, स्वतःच्या पावत्यांनी परांड्यात काम केलं पाहिजे. आमच्याच कामात 2021 मध्ये परदेशातल्या एका गटाने घाईघाईत चुकीच्या खात्यावर रक्कम पाठवली. ती परत करण्यात आणि पत्रव्यवहारात सात महिने गेले, आणि ज्या घरांसाठी पैसे आले होते त्यांनी तोवर सावकाराकडून उचलले होते. ती चूक आमची होती, आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं.

मग उरतात तीन वाटा. भारतीय पासपोर्टवाल्या सभासदांनी मंडळाच्या खात्यात न भरता आपापल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयांची इथली बँकखाती) थेट इथल्या संस्थेला द्यावं. मंडळाच्या खात्यात जमा झालेली रक्कम एफसीआरए नोंदणी असलेल्या आणि त्या भागात आत्ता माणसं असलेल्या संस्थेला द्यावी. अमेरिकेत कर-सवलतीच्या पावत्या हव्या असतील तर 1978 पासून तिथे असलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेशी बोलून त्यांच्यामार्फत काय शक्य आहे ते बघावं. आणि तिसरी वाट मुख्यमंत्री सहाय्यता निधीची. त्या निधीला 2025 च्या मे महिन्यात एफसीआरए मान्यता मिळाली, म्हणून परदेशातून थेट देता येतं. पण तिथे दिलेला पैसा राज्याच्या मोठ्या घागरीत पडतो, तुमच्या गावाच्या नावाने बाजूला ठेवला जात नाही. ज्यांना गावाशी नातं जपून द्यायचंय त्यांनी दुसरी वाट धरावी, ज्यांना कटकट नको त्यांनी तिसरी. दोन्ही ठीक आहेत.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं झालं: खोकी नकोत, चुलत्यांना लगेच द्या, मंडळाचे पैसे पासपोर्ट बघून योग्य खात्यात. आता ते कशावर खर्च व्हावेत याकडे येते, कारण माझ्या मते तुमचं मंडळ नेमकं इथे चुकू शकतं.

दिवाळीआधी फराळ आणि कपडे वाटण्याचा मोह सोडा. निदान सगळी रक्कम त्यात घालू नका. अर्धी रक्कम जानेवारीपर्यंत हातात ठेवा. सभासद विचारतील, पैसे पडून का आहेत? त्यांना सांगा, सरकारी मदत कुठवर पोचते ते बघतोय. राज्य सरकारने 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं, दुभत्या जनावरामागे 37,500 रुपये. हे ज्यांना मिळेल त्यांना तेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. पण यादी आणि हकीकत यांच्यात फट असते, आणि तुमच्यासारख्यांचा पैसा त्या फटीसाठी असतो. बरी दुभती म्हैस आज बाजारात लाखाच्या घरात जाते. भूम-परांड्याकडे घरोघरी दूध आणि खव्याच्या भट्ट्या, म्हणजे जनावर हीच त्या घराची रोजची रोकड. 37,500 आणि लाख यांच्यामधली रक्कम कोण घालणार? कडब्याच्या गंजी वाहून गेल्यात, मग राहिलेली जनावरं जानेवारीत काय खाणार? माती खरडून खाली मुरूम उघडा पडलाय तिथे तलावातला गाळ आणून टाकायला ट्रॅक्टरचं डिझेल लागतं. विहिरीतली मोटार, ठिबकच्या नळ्या. यांचे फोटो दिवाळीच्या फराळाइतके छान येत नाहीत, हे मला माहीत आहे.

आणि फटीत कोण पडतं हे जास्त महत्त्वाचं. पंचनामा होतो तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकाच्या समोर, सातबारा बघून. जो माणूस दुसऱ्याचं रान बटईने करतो, त्याचं बी गेलं, खत गेलं, मेहनत गेली, पण उतारा मालकाच्या नावावर. पैसे मालकाच्या खात्यात येतात. काही मालक वाटून देतात, काही देत नाहीत. नवऱ्याच्या मागे वारस नोंद न झालेली विधवा, आधार आणि बँकखातं न जुळणारा म्हातारा, हेही तसेच. शिवाय एक गोष्ट तुम्हाला अवघड वाटेल, तरी लिहिते. तुमच्यासारखी अमेरिकेत गेलेली माणसं गावातल्या ठरावीक आळीतली असतात. परदेशातली मदत आपल्या ओळखीच्या दारापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं टेक्सासमध्ये कुणी नसतं. कच्छमधल्या माधापर, बळदियासारख्या गावांच्या पाठीशी इंग्लंड-केनियातले लेवा पटेल पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, 2001 च्या भूकंपातही होते. पण ज्यांचं समुद्रापार कुणी नाही अशा गावाला हा आधार कुठून मिळणार? मंडळाच्या पैशाने हा तोल सांभाळला पाहिजे. घरचं तुम्ही तुमच्या खिशातून करा, मंडळाचं मात्र आधी वस्तीपासून सुरू व्हावं.

‘गाव दत्तक घेऊ’ या शब्दाबद्दल. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती रात्र. 8 हजारांच्या आसपास माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. पुढे लातूर आणि धाराशिवची मिळून 52 गावं नव्या जागी वसवली, त्यातली बरीच दात्यांनी दत्तक घेतली. घरं मजबूत बांधली, याबद्दल मी कायम कृतज्ञ आहे. पण आखीव, रुंद रस्त्यांवर ओळीने उभ्या घरांत गोठ्याला जागा नव्हती, भाऊबंद लांब पांगले, म्हाताऱ्यांना कुणाच्या ओट्यावर बसायचं ते कळेना. मी एका आजीला नव्या घराच्या दारात बाज टाकून बसलेलं पाहिलंय. आत झोपायला तिचा जीव धजत नव्हता, आणि समोर नुसता रुंद रस्ता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दत्तक म्हटलं की देणारा पालक होतो आणि गाव लेकरू. तुमचं गाव लेकरू नाहीये. ‘पुढची दोन वर्षं या तीस घरांसोबत’ एवढंच ठरवा. 11 हजार डॉलरमध्ये ते होईल, गाव होणार नाही.

हे सगळं गावागावाप्रमाणे बदलतं. सीना-कोळेगाव धरणाच्या खालच्या अंगाला, जिथून लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, तिथली गरज वेगळी. डोंगराकडच्या, फक्त सोयाबीन कुजलेल्या गावाची वेगळी. तुमचं गाव यातलं कुठलं, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हाला फोनवर कळेल.

म्हणून आज एक काम करा. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की इथे पहाटेचे सहा असतात, धारा काढून माणसं चहाला बसलेली असतात. चुलत्यांना फोन लावा आणि स्वतःचं सोडून त्यांना विचारा, यंदा ऊसतोडीला कोण चाललंय? त्या भागातल्या कितीतरी टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. यंदा पुराने घर बुडालं म्हणून ज्यांनी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतलीय, ती जोडपी कोयता घेऊन उन्हाळ्यापर्यंत गावात नसतील. पंचनाम्याचे पैसे, केवायसीचा अंगठा, वाटपाची यादी, सगळं त्यांच्या माघारी होईल. त्यांची नावं, सोबत कोणती पोरं चाललीत, शाळेसाठी मागे कोण राहतंय, आणि घरी म्हातारं कोण, एवढं एका कागदावर लिहून घ्या. ट्रक निघायच्या आत. मग मला लिहा, त्या यादीवरून पुढचं बोलू.